कपाटातले कार्ड आणि शेजारचे बाळ

(शहाड येथे झालेल्या पालक व कार्यकर्त्यांच्या एकत्रीकरणात, या परिसरात अनेक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या वक्त्यांनी बालकांच्या लसीकरणाविषयी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



भाषणाला आरंभ करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारतो. आपल्या घरातील सर्वांत लहान मुलाचे लसीकरणाचे कार्ड या क्षणी कोठे आहे, हे ज्यांना नक्की ठाऊक आहे त्यांनी हात वर करावेत. बरेच हात वर आले. समाधान वाटले. आता दुसरा प्रश्न. त्या कार्डावर सोळा ते चोवीस महिन्यांच्या रकान्यात तारीख लिहिलेली आहे की तो रकाना रिकामा आहे, हे किती जणांना सांगता येईल? आता तीन-चारच हात दिसत आहेत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. बहुतेक सुशिक्षित घरांत हीच स्थिती असते. कार्ड जपून ठेवलेले असते, प्लॅस्टिकच्या वेष्टनात असते, कपाटातल्या महत्त्वाच्या कागदांत असते. परंतु ते शेवटचे कधी वाचले, हे कोणाला आठवत नाही. आज मला याच विषयावर आपल्याशी बोलायचे आहे.

आजींच्या दंडावरची खूण

येथे पहिल्या रांगेत काही आजी बसल्या आहेत. त्यांच्या दंडावर गोल, थोडीशी खोलगट खूण असेल. ‘देवी काढल्याची’ खूण असे आपण तिला म्हणत आलो. देवीच्या रोगाने चेहरे विद्रूप होत, डोळे जात, आणि घरेच्या घरे रिकामी होत. माणूस इतका हतबल होता की, त्याने त्या रोगालाच देवी म्हटले आणि तिच्यापुढे हात जोडले. शीतळामातेची मंदिरे गावोगाव आहेत. त्यामागे आपल्या पूर्वजांची श्रद्धा आहे, तशीच लेकरे गमावलेल्या असंख्य मातांची वेदनाही आहे.

या रोगावरची लस भारतात प्रथम टोचली गेली ती आपल्या मुंबईत. १४ जून १८०२ या दिवशी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती देण्यात आली. त्या काळी शीतपेट्या नव्हत्या. एका माणसाच्या दंडावरील फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, असे करीत ती लस बगदाद आणि बसरामार्गे मुंबईपर्यंत पोहोचली होती. पुढे पावणेदोनशे वर्षांच्या प्रयत्नांनंतर मे १९७५ मध्ये भारतातील अखेरच्या रुग्णाची नोंद झाली आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे घोषित केले. आज कोणत्याही बालकाला देवीची लस टोचावी लागत नाही, कारण टोचून टोचून आपण तो रोगच संपवला. तरुण पिढीच्या दंडावर जी खूण दिसते ती बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लशीची असते.

पोलिओचेही तसेच. आपल्यापैकी कित्येक जण १९९५ नंतर पल्स पोलिओच्या रविवारी सकाळी बूथवर बसलेले आहेत, बालकांच्या करंगळीला शाई लावलेली आहे, राहिलेल्या घरांच्या याद्या घेऊन दुसऱ्या दिवशी जिने चढलेले आहेत. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. जगातील जवळजवळ निम्मे रुग्ण आपल्या देशात होते. हा देश कधी पोलिओमुक्त होणार नाही, असे परदेशांतील तज्ज्ञ बोलून दाखवत. आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमधील हावडा येथे अखेरचा रुग्ण आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. हा पराक्रम एकट्या शासनाचा नव्हता. लाखो स्वयंसेवी हातांनी तो घडवला. समाज एकदा मनावर घेतो तेव्हा काय होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण स्वतंत्र भारतात शोधावे लागेल.

यशातून आलेले विस्मरण

मात्र या यशाचीच एक दुसरी बाजू आहे. जो रोग डोळ्यांसमोर दिसत नाही, त्याची भीती उरत नाही. आणि भीती उरली नाही की दक्षताही सुटते.

मी वैद्यकीय शिक्षण घेत असताना घटसर्पाची मुले पाहिली आहेत. घशात करडा पडदा तयार होतो, मान सुजून बैलासारखी होते, मूल श्वासासाठी धडपडते. गळ्याला छेद देऊन नळी घातली तर वाचते. पण पुष्कळदा त्या रोगाचे विष हृदयापर्यंत पोहोचलेले असते, आणि सुधारत असलेले मूल एकाएकी जाते. डांग्या खोकल्याने निळी पडलेली तान्ही बाळे मी पाहिली आहेत. धनुर्वाताने कमानीसारखे ताठ झालेले, आईच्या स्तनाला तोंडही लावू न शकणारे नवजात अर्भक ज्याने एकदा पाहिले, तो ते आयुष्यभर विसरत नाही. नाळ अस्वच्छ पात्याने कापली, आणि आईला गरोदरपणी धनुर्वाताची लस मिळालेली नव्हती, एवढेच कारण. २०१५ मध्ये भारताने माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन साधल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

आज माझ्याकडे शिकण्यासाठी येणाऱ्या तरुण डॉक्टरांपैकी काहींनी घटसर्पाचा एकही रुग्ण पाहिलेला नाही. मला याचा आनंद होतो. परंतु तरुण आई-वडीलही जेव्हा विचारतात, “डॉक्टर, हे आजार आता असतात तरी कुठे? मग एवढ्या सुया कशाला?” तेव्हा चिंता वाटते. धरणाची भिंत मजबूत आहे म्हणून खालच्या गावात पाणी येत नाही. पाणी येत नाही म्हणून भिंतीचे दगड काढायला घेतले तर काय होईल, हे सांगायला अभियंता लागत नाही.

गोवर : गैरसमजाने ‘साधा’ ठरलेला आजार

सर्व आजारांविषयी एका भाषणात बोलता येणार नाही. म्हणून एकाच आजाराविषयी थोडे सविस्तर सांगतो. तो आजार म्हणजे गोवर. तो निवडण्याचे कारण असे की, लसीकरणाच्या भिंतीला तडा गेला की पहिले पाणी गोवराचे येते.

आपल्याकडे गोवर हा आजार मानलाच जात नाही. ‘प्रत्येक मुलाला एकदा निघायचाच’ अशी समजूत. अंगावर पुरळ नीट ‘उठले’ की बरे, मग दाराला कडुलिंबाचा डहाळा आणि मुलाला मऊ भात. मऊ भात आणि विश्रांती यांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो या आजाराला क्षुल्लक समजण्याला. १९६३ मध्ये गोवराची लस आली. त्यापूर्वी जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख माणसे गोवराने मरत, आणि त्यांत बहुतेक बालकेच असत.

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो त्या हवेत राहू शकतो. ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशा लोकांत एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना लागण होते. सायंकाळी कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या आकड्याचा अर्थ लक्षात येईल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून हा रुग्ण इतरांना आजार देत असतो. तेव्हा त्याला नुसता ताप, सर्दी, लाल डोळे आणि खोकला असतो. त्यामुळे ‘पुरळ आले की मुलाला वेगळे ठेवू’ ही सावधगिरी उशिरा सुचलेली असते.

गोवरातून न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, कान फुटतात. अ जीवनसत्त्व कमी असलेल्या बालकाची दृष्टी जाते. हजारातील एखाद्याला मेंदूला सूज येते. क्वचित असेही घडते की, मूल बरे होते, शाळेत जाऊ लागते, आणि सात-दहा वर्षांनी त्याचा मेंदू हळूहळू निकामी होऊ लागतो. त्या विकारावर आजही खात्रीचा उपचार नाही. शिवाय २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने एक विलक्षण गोष्ट पुढे आणली. शरीराने पूर्वीच्या आजारांशी झुंजून मिळवलेली प्रतिकारशक्ती गोवर काही अंशी पुसून टाकतो. म्हणजे गोवरातून उठलेले मूल पुढे कित्येक महिने इतर आजारांपुढे दुबळे असते.

यावर उपाय आहे, तो स्वस्त आहे आणि शासकीय केंद्रांत विनामूल्य आहे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. नऊ महिन्यांच्या वयात दिलेल्या एका मात्रेने साधारण शंभरातील पंच्याऐंशी बालकांना संरक्षण मिळते. दोन्ही मात्रा घेतल्या तर सत्त्याण्णव. उरलेल्यांचे काय? आणि नऊ महिन्यांहून लहान बालकांचे काय? ज्यांना कर्करोगासारख्या आजारामुळे ही लस देताच येत नाही, त्यांचे काय? त्यांना केवळ एकच कवच असते : सभोवतालचा समाज. शंभरातील पंच्याण्णव जणांनी दोन्ही मात्रा घेतल्या असतील तर विषाणूला पुढे जायला वाट मिळत नाही. पंच्याण्णव हे प्रमाण घसरले की वाट उघडते.

२०२२ चा हिवाळा

ही वाट आपल्या डोळ्यांदेखत उघडली. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी आली. लसीकरणाची सत्रे विस्कळीत झाली, कुटुंबे गावी गेली, पालक दवाखान्यात यायला घाबरू लागले. साऱ्या जगात हेच झाले. २०२१ या एका वर्षात जगातील सुमारे अडीच कोटी बालकांची त्रिगुणी लशीची एक तरी मात्रा चुकली. आणि २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर भडकला. आपल्या शेजारच्या भिवंडीत आणि तिकडे मालेगावातही तो पोहोचला. डझनाहून अधिक बालके दगावल्याची नोंद झाली. बाधितांपैकी बहुतेकांनी लशीची एकही मात्रा घेतलेली नव्हती. केंद्राचे पथक मुंबईत आले. साथीच्या भागांत नऊ महिन्यांखालील बालकांनाही सहाव्या महिन्यापासून एक जादा मात्रा देण्याची सूचना निघाली.

वर्तमानपत्रांतील या बातम्या वाचून आपल्यासारख्या पांढरपेशा घरांत काय बोलले गेले, ते मी ऐकले आहे. “वस्त्यांतले लोक ऐकत नाहीत, काय करणार!” म्हणून आता मी माझ्याच दवाखान्यातला एक अनुभव सांगतो. संबंधित कुटुंबांची ओळख मी सांगणार नाही. तो अनुभव सांगताना मलाही बरे वाटत नाही, कारण त्यात माझाही दोष आहे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये साडेतीन वर्षांचा एक मुलगा तापाने फणफणलेला माझ्याकडे आला. सुस्थितीतले, चांगले शिकलेले कुटुंब. कानामागून सुरू झालेले पुरळ चेहऱ्यावर आणि छातीवर उतरले होते. गोवर होता, शंकाच नव्हती. मी कार्ड मागितले. आईने ते लगेच पर्समधून काढले. स्वच्छ, एकही कोपरा न दुमडलेले. मुलाचा जन्म जुलै २०१९ चा. म्हणजे नऊ महिने एप्रिल २०२० मध्ये पूर्ण झालेले. तो रकाना रिकामा होता. त्याखालचाही रिकामा. टाळेबंदीत राहिले ते राहिलेच. आई म्हणाली, “पुढच्या महिन्यात जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ असं करता करता विसरूनच गेलो.” आणि त्याच कार्डाच्या मागच्या पानावर २०२१ मधल्या एका तारखेपुढे मुलाचे वजन लिहिलेले होते. हस्ताक्षर माझे होते. सर्दीसाठी आणलेल्या त्या मुलाचे कार्ड मी हातात घेतले होते, वजन लिहिले होते आणि पान उलटून पाहिले नव्हते.

तो मुलगा दहा दिवसांत बरा झाला. अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा दिल्या, पथ्यपाणी नीट झाले, घरात सर्व सुविधा होत्या. परंतु त्या घरी धुण्याभांड्याला येणारी एक ताई होती. पुढच्या वस्तीत राहणारी. तिची सात महिन्यांची मुलगी होती. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून ती मुलीला कामावर घेऊन येई आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गोधडीवर निजवी. त्या घरची आजी बाळाकडे लक्ष ठेवी. मायेचे घर होते ते. मुलाला पुरळ येण्यापूर्वी जो दोन दिवस नुसता ताप होता, त्या दिवसांतही ती ताई नेहमीप्रमाणे येऊन गेली होती. कोणालाच काही कळण्याचे कारण नव्हते.

पुढे बारा दिवसांनी त्या मुलीला ताप आला. नंतर पुरळ, नंतर न्यूमोनिया. आम्ही तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. सहाव्या दिवशी ती गेली.

नंतर ती ताई मला भेटायला आली. तिने जपून आणलेले कार्ड माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, “डॉक्टर, हिची कुठली सुई राहिली होती का?” मी कार्ड पाहिले. जन्मतः द्यायच्या सर्व लशी, नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या मात्रा, सर्व तारखा जागच्या जागी होत्या. एकही दिवस चुकलेला नव्हता. मी म्हणालो, “नाही ताई, काही राहिलं नव्हतं. तिची गोवराची सुई अजून दोन महिन्यांनी होती.”

बंधू-भगिनींनो, रोगराई वस्तीतून इमारतीत येते, असे आपण समजतो. येथे ती इमारतीतून वस्तीत गेली. ज्या मातेने आपले कर्तव्य चोख बजावले होते, तिची मुलगी गेली. आणि जे कर्तव्य आमच्याकडून, म्हणजे त्या सुशिक्षित घराकडून आणि माझ्यासारख्या डॉक्टरकडून राहून गेले, त्याची किंमत तिने मोजली. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाचे कार्ड, मूल कशासाठीही येवो, मी प्रथम उघडून वाचतो.

शंका आणि उत्तरे

लशीविषयी काहींच्या मनात शंका असतात. शंका विचारणे हा आईवडिलांचा अधिकारच आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांपेक्षा त्या डॉक्टरांना विचाराव्यात, एवढीच विनंती.

पहिली शंका, गोवराच्या लशीमुळे मूल स्वमग्न होते का? ही अफवा १९९८ मध्ये इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखातून पसरली. त्या लेखात अवघी बारा मुले होती. त्यातील लबाडी पुढे उघड झाली, २०१० मध्ये तो लेख मागे घेण्यात आला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा व्यवसायाचा परवाना रद्द झाला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत स्वमग्नतेच्या प्रमाणात काहीही फरक नाही. परंतु अफवा पाठ सोडत नाही. आपल्या अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. ज्या अमेरिकेने २००० मध्ये गोवराचे निर्मूलन घोषित केले होते, तिथे २०२५ मध्ये टेक्सास राज्यात साडेसातशेहून अधिक जणांना गोवर झाला आणि दोन शाळकरी मुले मरण पावली. त्या दोघांनीही लस घेतलेली नव्हती.

दुसरी शंका, लशीने अपाय होत नाही का? होतो, पण बहुधा किरकोळ. सुईच्या जागी दुखणे, एक-दोन दिवस ताप, गोवराच्या लशीनंतर आठवड्याभराने थोडे पुरळ. अतिक्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते. म्हणूनच लस घेतल्यावर केंद्रात अर्धा तास थांबायला सांगतात. ‘गर्दी आहे, निघू या’ असे न म्हणता ती अर्धी घटका बसावे.

तिसरी शंका अधिक गंभीर आहे. लस देताना चुका होऊन माणसे दगावल्याच्या घटनांचे काय? त्या घडल्या आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. आपल्याच मुंबईचा इतिहास पाहा. १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी अवघ्या काही महिन्यांत प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगने ग्रासलेल्या एका मुलाला पाठीवरून दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचा पुण्यात त्याच रोगाने मृत्यू झाला. लस जन्मली होती, परंतु समाजापर्यंत पोहोचायची होती. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेले एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना दोषी धरून निलंबित करण्यात आले. अखेर ती बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य झाले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले.

पॅसिफिक महासागरातील सामोआ या लहानशा देशात २०१८ मध्ये असाच प्रकार झाला. लशीच्या भुकटीत पाण्याऐवजी चुकून दुसरे औषध मिसळले गेले आणि दोन बालके दगावली. चूक करणाऱ्यांवर कारवाई झाली. पण लसीकरणच कित्येक महिने थांबले आणि लोकांचा विश्वास उडाला. पुढच्याच वर्षी गोवर आला. जेमतेम दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८३ जण मेले, आणि त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील बालके होती. चूक हाताळणीची होती. शिक्षा लसीला दिली आणि ती भोगली बालकांनी. म्हणून चूक झाल्यास जाब जरूर विचारावा. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवली आहे का, सुई नवीन आहे का, गोवराची बाटली विरघळवून किती वेळ झाला, असे विचारण्यास संकोच करू नये. विरघळवलेली गोवर-रुबेलाची लस चार तासांनंतर वापरत नाहीत, हे प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असते. विचारणारा पालक तिला त्रासदायक वाटत नाही. उलट तिच्या कामाचा मान राखला जातो.

आज रात्री आणि उद्यापासून

आता कर्तव्याकडे वळतो. मोठी योजना मांडत नाही. चार गोष्टी सांगतो.

पहिली, आज घरी गेल्यावर कार्ड कपाटातून बाहेर काढा आणि ओळीने वाचा. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब. सहा, दहा व चौदा आठवड्यांना पोलिओचे थेंब, पाच रोगांवरची एकत्रित लस आणि रोटाव्हायरस. त्यांतील पहिल्या व शेवटच्या भेटीत पोलिओचे इंजेक्शन आणि न्यूमोनियावरची पीसीव्ही. नऊ महिन्यांना गोवर-रुबेला, त्याबरोबर पीसीव्हीची व पोलिओच्या इंजेक्शनची पुढची मात्रा. सोळा ते चोवीस महिन्यांना गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा, त्रिगुणी आणि पोलिओ. पाच ते सहा वर्षांना पुन्हा त्रिगुणी. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस. सर्वाधिक विसरल्या जातात त्या दीड वर्षांच्या आणि त्यानंतरच्या, कारण तोवर मूल चालू-बोलू लागलेले असते आणि दवाखान्याच्या फेऱ्या थांबलेल्या असतात.

दुसरी, काही राहिले असेल तर घाबरू नका आणि लाजूही नका. सर्व पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागत नाही. जिथे खंड पडला तिथून पुढे सुरू करता येते. शासकीय कार्यक्रमात गोवर-रुबेलाची राहिलेली मात्रा पाच वर्षांपर्यंत देतात. साधी सर्दी किंवा किरकोळ खोकला हे लस पुढे ढकलण्याचे कारण नव्हे.

तिसरी, आपल्या घरी, इमारतीत, सोसायटीत कामाला येणाऱ्यांच्या लेकरांची विचारपूस करा. आपल्या शहाडची रचनाच पाहा. एका बाजूला कल्याण, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर, मधून रेल्वे, पलीकडे उल्हास नदी. कारखान्यासाठी आलेली कुटुंबे, फाळणीनंतर येथे रुजलेली कुटुंबे, खानदेश-मराठवाड्यातून आणि उत्तरेकडून दरवर्षी येणारी कुटुंबे. टिटवाळ्याच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर आणि नव्या इमारतींच्या बांधकामांवर जी मुले वाळूत खेळतात, त्यांचे कार्ड बहुधा गावी राहिलेले असते. नऊ महिन्यांना ती एका गावात असतात, दीड वर्षांना दुसऱ्या. ती कोणाच्याच यादीत नसतात. आशाताई आणि परिचारिका आपल्या परीने फिरतात. परंतु पहारेकऱ्याचे कुटुंब जिन्याखालच्या खोलीत राहते, हे त्या इमारतीत राहणाऱ्यालाच ठाऊक असते. सेवावस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी अभ्यासिका आणि संस्कारवर्ग यांच्याबरोबर एक वहीही ठेवावी : बालकाचे नाव, जन्मतारीख, पुढच्या मात्रेची तारीख. लसीकरणाच्या दिवशी त्या मातेच्या घरी जाऊन, “ताई, आज चला, मी बाळाला घेतो” असे म्हणणारा एक माणूस शंभर भित्तिपत्रकांपेक्षा मोलाचा असतो. कामाचा रोज बुडेल म्हणून ती जात नसेल, तर ज्या घरी ती कामाला आहे त्या घराने त्या दिवसाचा पगार न कापता तिला सुट्टी द्यावी.

चौथी, ताप आणि पुरळ असलेले मूल शाळेत, लग्नसमारंभात, मंदिरात नेऊ नका आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. गोवर लपवण्याजोगी गोष्ट नाही. कळवले तर शेजारच्या दहा घरांतील मुले वाचू शकतात.

आपल्या परंपरेत मनुष्य ऋण घेऊन जन्माला येतो, असे मानले आहे. मातापित्यांचे ऋण, गुरूंचे ऋण, समाजाचे ऋण. या ऋणाचा अर्थ मला पुस्तकापेक्षा त्या ताईच्या कार्डाने अधिक शिकवला. तिची मुलगी सात महिने जगली. त्या सात महिन्यांत तिचे रक्षण करणे तिच्या आईच्या हातात जेवढे होते, तेवढेच आपल्या हातात होते. आईने तिचा वाटा पूर्ण केला होता.

ती ताई आजही त्याच घरी कामाला जाते. तिला नंतर मुलगा झाला. नऊ महिने पूर्ण झाले त्या दिवशी सकाळी आठ वाजता ती लसीकरण केंद्राच्या दारात उभी होती, आणि तिच्याबरोबर बाळाची पिशवी धरून त्या घरची आजी उभी होती. दीड वर्षांच्या मात्रेलाही त्या दोघी बरोबरच आल्या.

आपणही आज घरी जाऊन आधी कार्ड वाचावे आणि नंतरच जेवायला बसावे, एवढी विनंती करून मी थांबतो.